दुसरा घास

४ मार्च

ठिणगे,

पाकिटावर आत्याचं अक्षर आणि आत माझं, ही फसवणूक आहे हे मला मान्य आहे. माझं अक्षर बघून तू पाकीट न फोडताच ठेवून देशील असं तिचं म्हणणं पडलं, म्हणून पत्ता तिच्याकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर वाच. राग काय, नंतरही करता येईल.

निमित्त तुझ्या बुटांचं आहे. माळा साफ करताना तुझे सरावाचे काळे बूट सापडले. ठेवू की कुणाला देऊन टाकू, एवढंच विचारायचं होतं.

तू आत्याला लिहितेस ती पत्रं ती मला निवडून निवडून वाचून दाखवते. मधेच थांबून चष्मा पुसायला लागली की मी समजतो, इथे माझा उद्धार केलेला आहे. तू तिकडे बंदरावरच्या खासगी तुकडीत बोटीवरून आगी विझवतेस, तिथे कुणी शपथ मागत नाही, आणि तुझ्या हाताखाली आता नऊ जण आहेत, एवढं माझ्यापर्यंत पोचलं आहे. बापाला हौदात पाय टाकायची भीती आणि मुलगी भर समुद्रात. असो.

कागद उरला आहे म्हणून आणखी एक बारीकशी गोष्ट सांगतो. राष्ट्रीय शपथेत ईश्वराचं नाव असावं की नसावं, हे ठरवायला सरकारने समिती नेमली आहे आणि तिची एक शाखा आपल्या गावात बसणार आहे. नगरभवनात एकतीस वर्षं शपथ वाचणारा माणूस म्हणून मला साक्षीला बोलावलं आहे. वाचणारा म्हणजे काय ते तुला सांगायला नको. अग्निशमन दलातला जवान असो, शिक्षक असो की ग्रंथालयातली बाई, नोकरीवर रुजू होताना सगळे त्या लाकडी पायरीसमोर उभे राहतात, मी एकेक घास भरवतो आणि ते माझ्यामागून म्हणतात. मी शपथ घेतो की. ईश्वराला स्मरून. या देशाशी मी एकनिष्ठ राहीन. त्याच्या माणसांच्या उपयोगी पडेन. आणि संकटात पाठ फिरवणार नाही. पाच घास, पाऊण मिनिट.

सहा वर्षांपूर्वी तू दुसरा घास घेतला नाहीस आणि मी हजेरीपत्रकावर तुझ्या नावापुढे तसा शेरा लिहिला. तुझी दलातली नेमणूक गेली, तू घर सोडलंस. त्यावर पुन्हा वाद घालायला मी हे लिहीत नाही. नियम होता, वाचणाऱ्याने नोंद करायची. तुझ्या जागी दुसरं कुणीही असतं तरी मी तेच लिहिलं असतं.

बुटांचं कळव.

बाबा


१९ मार्च

ठिणगे,

उत्तर आलं नाही. बूट मी तूर्त ठेवतो.

इकडे समितीने गावाला चांगलंच कामाला लावलं आहे. न्हाव्याकडे दाढीला बसलो तर शेजारच्या खुर्चीतला शिंपी म्हणाला की देशाच्या शपथेत देव कशाला, देव काय कचेरीत नोकरीला आहे? त्यावर न्हाव्याने वस्तरा माझ्या गळ्यावर धरून सांगितलं की देवाची भीती नसेल तर माणूस दिलेला शब्द पाळणार कशाला. अशा वेळी मी कुणाच्याच बाजूने मान हलवली नाही, याला कुणी कच खाल्ली म्हणू नये.

आत्याला मी विचारलं. तू तिला ओळखतेस. उठल्यावर तासभर डोळे मिटून बसल्याशिवाय ती चहाला शिवत नाही. ती म्हणाली, तिला ते शब्द हवेत. दवाखान्यात परिचारिका म्हणून रुजू झाली तेव्हा बाकीचे चार घास तिने ओठांनी म्हटले आणि तो एक पोटातून. पुढे अडतीस वर्षं एखादा रोगी नकोसा झाला की तोच एक घास तिला आठवायचा. शब्द काढून टाकले तर नव्या मुलींनी धरायचं काय, असं तिचं म्हणणं. मला वाटलं, झालं, आत्या तरी माझ्या बाजूची निघाली. पण मी तसं म्हणताच तिने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "तुझी बाजू कुठली आहे, दादा? मला हवे आहेत म्हणून मी म्हटले. पोरीला नको होते म्हणून तिने नाही म्हटले. आम्ही दोघी खरं बोललो." मग मी वर्तमानपत्र वाचायला घेतलं.

समितीने मागची सगळी हजेरीपत्रकं मागवली आहेत. मी ती काढून धूळ झटकली आणि मोजली. एकतीस वर्षांत चार हजारांवर माणसं झाली आणि शेऱ्याच्या रकान्यात शेरा एकच. तुझा. यावरून आपल्या गावातले लोक किती सरळ आहेत ते समितीला दिसेल.

तुझ्या बोटीवर जीवरक्षक कपडे सगळ्यांना पुरेसे असतात का? आत्या विचारते आहे.

बाबा


२ एप्रिल

ठिणगे,

आत्या काहीही विचारत नव्हती. कपड्यांचं मीच विचारत होतो.

आणि खोटं बोलायची गाडी थांबवायचीच तर सगळीच थांबवतो. बूट माळ्यावर सापडले नाहीत. ते माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात आहेत, सहा वर्षं, आणि महिन्यातून एकदा मी त्यांना पॉलिश करतो. देऊन टाकायचा प्रश्नच नव्हता. पत्राची सुरुवात कशी करावी ते सुचत नव्हतं.

आता मोठं खोटं. दुसरं कुणी असतं तरी मी तेच लिहिलं असतं, हे मी तुला लिहिलं. ते खरं नाही.

परवा त्या हजेरीपत्रकांचा गठ्ठा घरी आणला होता. आत्या पानं उलटत बसली आणि तिने सहज विचारलं की चार हजारांत एकाच माणसाला तो घास नको झाला? मी म्हटलं, हो. ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी मी तिची पेन्सिल तोडून नाही म्हणायचो तेव्हा बघायची, अगदी तशी.

एकतीस वर्षं समोर उभं राहून लोकांना घास भरवल्यावर कान तयार होतो. पहिल्या घासाला सगळे घाबरलेले असतात, आवाज चिरका येतो. दुसऱ्याला आवाज दुभंगतो. काही जणांचा एकदम भरून येतो, काहींचा खाली जातो, आणि काहींचा येतच नाही. ग्रंथालयातल्या बाईंचे ओठ हलले, आवाज नव्हता. व्यायामशिक्षकाने नेमकं तेव्हाच डोकं खाजवलं. तुझ्या मोठ्या साहेबांना, म्हणजे अग्निशमन दलाच्या प्रमुखांना, रुजू होताना दुसऱ्या घासाला खोकला आला. पुढे बढतीची शपथ दोनदा घेतली, दोन्ही वेळा खोकला तिथेच आला. असे दरवर्षी पाच-सात तरी निघायचे. मी सगळ्यांना ऐकलं आणि एकाचंही नाव लिहिलं नाही. मला वाटायचं, माणूस पुढचे तीन घास इतके मन लावून म्हणतो आहे, मग याच्या तोंडात बोट घालून बघणारा मी कोण?

आणि मग तू उभी राहिलीस. दुसरी रांग, डावीकडून तिसरी, पायांत हेच बूट. तू ओठ हलवले नाहीस, डोकं खाजवलं नाहीस, खोकलीही नाहीस. सरळ माझ्याकडे बघत गप्प राहिलीस. घरी तू आदल्या दिवशी मला सांगितलंच होतंस की जे मनात नाही ते पहिल्यांदा म्हटलं तर पुढचं सगळंच खोटं होईल. मला वाटलं होतं, आयत्या वेळी म्हणशील. बापाच्या सभागृहात, बापाच्या तोंडून आलेला घास पोरगी नाकारणार नाही.

मला राग आला. आणि भीती वाटली की लोक म्हणतील, स्वतःच्या मुलीला सोडलं. दालनात तुझं गप्प बसणं माझ्याखेरीज कुणाला कळलंही नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी मी निळी पेन्सिल उचलली. नियम मी त्या एका दिवसापुरता पाळला, ठिणगे, आणि तोही फक्त तुझ्यावर.

हे आत्याला सांगितलं तेव्हा ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "पाचवा घास तू दुसऱ्यांनाच भरवत आलास, दादा. स्वतः कधी गिळलास?" पाचवा म्हणजे पाठ न फिरवण्याचा.

नऊ तारखेला साक्ष आहे. तिथे हे सगळं सांगायचं की गावातले लोक किती सरळ म्हणून गप्प बसायचं, ते अजून ठरत नाही. जूनअखेर मी निवृत्त होतो आहे. सांगितलं तर एकतीस वर्षं कामात कसूर केली असं माझ्याच तोंडून सिद्ध होईल. तुला तरी दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे.

बाबा


११ एप्रिल

ठिणगे,

हे पत्र बसून वाच. बोटीवर असशील तर कठडा धर.

समिती तिघांची. मधे अध्यक्षबाई, निवृत्त न्यायाधीश, केस कापूस आणि नजर सुई. उजवीकडे आपले हेडमास्तर. डावीकडे, दुसरं कोण असणार, मोठे साहेब. तिघांनीही कधी ना कधी याच सभागृहात माझ्याकडूनच शपथ घेतलेली. बाकांवर पन्नासेक माणसं, पहिल्याच बाकावर आत्या, मांडीवर पर्स, परीक्षेला मुलगा बसवून आल्यासारखी.

अध्यक्षबाई म्हणाल्या की साक्ष देण्याआधी साक्षीदाराने शपथ घ्यावी. आता तूच सांग, एकतीस वर्षं त्या पायरीवर उभा राहिलेला माणूस काय करेल? माझे पाय आपोआप पायरीवर गेले. हात वर झाला. समोर बघून मी खणखणीत आवाजात म्हटलं, "मी शपथ घेतो की," आणि सवयीने थांबलो, लोकांनी मागून म्हणायला.

आणि तिघेही उठून उभे राहिले. खरंच सांगतो. खुर्च्या मागे सरकल्या, तीन हात वर झाले आणि तिघे एका सुरात म्हणाले की मी शपथ घेतो की. मागे बाकांवरचीही निम्मी माणसं उभी. शपथ घ्यायची होती मी एकट्याने, आणि मी अख्ख्या समितीला शपथ द्यायला लागलो होतो.

चूक माझ्या लक्षात आली, पण तोवर दुसऱ्या घासाची वेळ झाली होती. शब्द जिभेवर आलेले होते. तेवढ्यात मला दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी जागा दिसली. रिकामी होती. मला तो घास भरवता येईना. मी हात वर धरून तसाच गप्प उभा राहिलो.

आणि त्या गप्प जागेत काय झालं ते ऐक. हेडमास्तर माझी वाट न बघता एकटेच, स्वच्छ आवाजात म्हणाले, "ईश्वराला स्मरून." मागून आत्याचा आवाज आला, तोच शब्द, पोटातून. अध्यक्षबाई ओठ मिटून शांत उभ्या राहिल्या. आणि मोठ्या साहेबांना खोकला आला.

मग मी तिसरा घास दिला, या देशाशी मी एकनिष्ठ राहीन, आणि तिघांचे आवाज पुन्हा एक झाले. ठिणगे, इतका भरून आलेला तिसरा घास मी या सभागृहात ऐकलेला नाही. पाचही झाले. मग अध्यक्षबाईंनी स्वतःच्या वर केलेल्या हाताकडे बघितलं, खाली बसल्या आणि इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

हसू ओसरल्यावर त्यांनी हजेरीपत्रकं पुढे ओढली. विचारलं, एकतीस वर्षांत शेरा एकच कसा? आता आली का पंचाईत, असं मनात म्हटलं. आत्या पर्सचा बंद आवळून बसली होती. मी सगळं सांगितलं. दरवर्षी पाच-सात जण तो घास घेत नाहीत, मी ऐकतो आणि लिहीत नाही. एकदाच लिहिलं आणि ती माझी मुलगी होती. त्यांनी नावं विचारली. मी म्हटलं, "नावं देणार नाही, बाई. एवढंच सांगतो की त्यांतला एक जण याच टेबलाशी बसला आहे आणि त्याला सर्दी कधीच नसते."

मोठे साहेब कानापर्यंत लाल झाले. हातातली पेन्सिल टेबलावर ठेवून म्हणाले, "तीस आगींत शिरलोय मी. आत कुणी देवाचं नाव घेतं, कुणी आईचं, मी पायऱ्या मोजतो. बाहेर आल्यावर कुणी कुणाला विचारत नाही. पण तो शब्द म्हणायची वेळ आली की मला खोकल्याआड लपावं लागतं, आणि त्या पोरीला लपावंसं वाटलं नाही. तिला मी दलाबाहेर काढलं, कागदावर सही माझी आहे." हे ते तुझ्याबद्दल म्हणाले. मी शब्दन् शब्द लिहून घेतला आहे.

माझं मत विचारलं तेव्हा मी म्हटलं की शब्द काढून टाकू नका, माझ्या बहिणीची आणि हेडमास्तरांची शपथ त्यावरच उभी आहे. पण ते मला भरवायला लावू नका. देशाने माणसाकडून देशाबद्दलचा शब्द घ्यावा, तो त्याचा हक्क आहे. ईश्वराबद्दलचा शब्द ज्याचा त्याने द्यावा किंवा न द्यावा. वाचणाऱ्याने तिथे श्वासभर थांबावं, बस. हेडमास्तर म्हणाले, "आज पहिल्यांदा तो शब्द मी कुणी सांगितल्याशिवाय म्हटला. बरं वाटलं." हे मला अपेक्षित नव्हतं.

घरी येताना आत्या माझ्याबरोबरच होती. दारात आल्यावर म्हणाली की आज तुला चहा मी करते.

बाबा


३० एप्रिल

ठिणगे,

कचेरीने मला लेखी विचारणा केली आहे की एकतीस वर्षं नोंदी का केल्या नाहीत. शपथ वाचायचं काम तूर्त बंद. मी टपालावर शिक्के मारतो. शिक्के मारायला मजा येते, हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

काल तुझं आत्याला पत्र आलं. तिने नेहमीसारखं निवडून वाचलं, मधे थांबली, चष्मा काढला, पण या वेळी पुसला नाही. पत्रच माझ्या हातात दिलं आणि बोट ठेवलं. एक ओळ होती. "बाबांना विचार, मोठे साहेब खोकल्यावर औषध घेतात का."

मी ती ओळ चार वेळा वाचली. आत्या म्हणते नऊ वेळा. औषध घेत नाहीत, पण साक्षीनंतर खोकला बरा आहे.

बाबा


८ जून

ठिणगे,

निकाल आला आहे. देशभराचं घोंगडं भिजत पडलंय, तिकडे दोन्ही बाजू अजून हमरीतुमरीवर आहेत. पण आपल्या गावापुरती एक वर्ष माझी सूचना पाळून बघा, अशी परवानगी मिळाली. दुसरा घास कागदावर राहील, वाचणारा तो वाचणार नाही, श्वासभर थांबेल. न्हावी म्हणतो देवाला अर्धचंद्र दिला, शिंपी म्हणतो देवाला मागच्या दाराने आत घेतला. दोघेही माझ्यावर नाराज आहेत, म्हणजे काम ठीक झालं असावं.

मला ताकीद देऊन सोडलं, आणि शेवटची शपथ वाचायची मुभा दिली आहे, अठ्ठावीस जूनला. मोठ्या साहेबांनी तुझा जुना शेरा रद्द करवून घेतला आहे. त्यांचं पत्र तुला मिळालं असेल. दलात एक जागा रिकामी आहे, आणि तुझा बंदरावरचा अनुभवही त्यात धरला जाईल.

माझ्यासाठी येऊ नकोस, हे मनापासून लिहितो. तिथे तुझे नऊ जण आहेत, बोट आहे, तुझं काम तू कुणाच्या शिफारशीशिवाय उभं केलं आहेस. जागा तुझी होती म्हणून ती तुला परत विचारली जाते आहे, बापाला बरं वाटावं म्हणून नाही. नाही आलीस तर मी समजेन. नुसतं समजणारच नाही, दर महिन्याला लिहीन आणि पत्ता माझ्याच अक्षरात घालीन.

चुकलो, ठिणगे. सहा पत्रं लिहूनही हा शब्द राहिलाच होता.

बाबा


२९ जून

ठिणगे,

तू शेजारच्या खोलीत आहेस. आत्याशी भांडत तिच्या कपाटातल्या उशा बाहेर काढते आहेस, मला सगळं ऐकू येतं. तरी पत्रच लिहितो आहे, कारण कालपासून समोर आलीस की मी हवापाण्यावर बोलतो. हे तुझ्या बुटात ठेवीन.

काल मी घाबरलो होतो. माईक दोनदा किंचाळला, पाण्याचा पेला मी हजेरीपत्रकावर सांडला. बावीस माणसं उभी होती. तू दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी. तिथे उभं राहायला तुला कुणी सांगितलं नव्हतं, ते मला ठाऊक आहे.

पहिला घास दिला. मग थांबलो. श्वासभरच थांबायचं, पण तेवढ्यात मला सगळं ऐकू आलं. पाच-सहा जण भरल्या आवाजात म्हणाले, ईश्वराला स्मरून. एक जण पुटपुटला. आत्या तर मागच्या बाकावर पाहुणी, तिला काही शपथ नव्हती, तरी इतक्या मोठ्याने म्हणाली की लोकांनी वळून बघितलं. मोठे साहेब बाजूला उभे होते, खोकले नाहीत. आणि तू गप्प होतीस, सहा वर्षांपूर्वी होतीस तशीच, सरळ माझ्याकडे बघत. तेव्हा मला त्यात फक्त नकार ऐकू आला होता. काल कळलं की माझ्या सभागृहात इतकं खरं कुणी कधी बोललंच नव्हतं.

मग तिसरा घास दिला आणि त्या बावीस आवाजांत तुझा आवाज वेगळा ओळखू आला. पाचव्याला माझाच आवाज फुटला, संकटात पाठ फिरवणार नाही म्हणताना. तू तो माझ्या आधीच म्हणून टाकलास आणि मी तुझ्यामागून म्हटला. नियमाप्रमाणे हे चालत नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही.

सगळे चहाला गेल्यावर मी एकटा बसून हजेरीपत्रक पुरं केलं. ते ओलं होतं, निळी पेन्सिल नीट उमटेना, म्हणून दाबून लिहिलं. एकतीस वर्षांतला माझा दुसरा आणि शेवटचा शेरा, तोही तुझ्याच नावापुढे: शपथ पूर्ण.

बाबा